तेजूच्या कोटाला तेल

सात रस्ता, सोलापूर
८ ऑगस्ट २०२३

प्रिय यशू,

शाळेच्या मागच्या नळाजवळची ती पायरी आठवते? जूनचा पहिला आठवडा, मधली सुट्टी, आणि मी नवे काळे बूट काढून टाचेचा फोड बघत बसलेली. तू शेजारी बसून डब्यातली पोळी मोडत होतीस. अब्बा माझ्या कंपासपेटीत तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालून द्यायचे. तो मी बुटाच्या आत घासायची आणि तू म्हणायचीस, "सबा, तुझ्या मोज्यांना भजी तळल्याचा वास येतो." तास सुरू झाला की सिस्टर फिलोमिना नाक मुरडून सगळ्या बाकांवरून नजर फिरवायच्या आणि आपण दोघी पाय आत ओढून बसायचो. तुझ्या पायात कायम काळे कॅनव्हासचे बूट. त्यांना तेल लागायचं नाही, तुला फोडही यायचे नाहीत. किती हेवा वाटायचा मला!

तुझं पत्र वाचलं आणि तो वासच नाकात आला. तुझ्या भाचीला, तेजूला, कामावर चामड्याचा कोट मिळाला, तो जमिनीवर ठेवला तर माणसासारखा उभा राहतो, आणि अंगात घातला की तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, असं तू लिहिलंस. तेवढ्यासाठी शेखलाल खोगीरवाल्याच्या मुलीची आठवण काढलीस, बरं वाटलं. टांगे गेले, अब्बाही गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण हाताला अजून सगळं पाठ आहे.

तर ऐक. करडईचं तेल घे, गाळीव. कोमट कर, कढत नको. जुन्या सुती फडक्याने काखेत, कोपरावर, कॉलरीखाली दोन-दोन हात फिरव. तीन दिवस सावलीत टांगून ठेव. असं तीनदा. अब्बा म्हणायचे, "चमडा भुका रहता बेटा, उसको पिलाव." पोट भरलं की कसं गुमान वळतं बघ.

मात्र ऑगस्टमध्ये स्कूटरवरून ऑफिसला जायला चामड्याचा कोट म्हणजे तुझी भाची भलतीच हौशी दिसते! रंग कोणता आहे?

तुझी,
सबिहा


अकलूज
१४ ऑगस्ट

प्रिय सबा,

तेल आणलं. अर्धा किलो, गाळीव. रविवारी सवड आहे, तेव्हा बघते.

तू तेजूला स्कूटरवर बसवून ऑफिसात पाठवलंस. दोष तुझा नाही. मीच 'कारखान्याच्या कामावर' असं गोल लिहिलं होतं. तेजश्री वेल्डर आहे. आयटीआय केलं, तेही मला न विचारता. यशपालला वाटतं ती स्टोअरमध्ये नोंदी करते. भाऊ पुण्यात आणि मुलगी माझ्याकडे, त्यामुळे कळेल तेव्हा बोलणी मलाच बसणार. आपल्या वर्गातल्या बायकांच्या भाच्या-पुतण्या टोरांटोहून फोटो पाठवतात. मी काय लिहू? आमची पोरगी संध्याकाळी तोंडाला काजळी लावून येते म्हणून?

आता लिहिलंच आहे तर सगळंच लिहिते. साखर कारखान्यांना दुरुस्तीचं काम करून देणारं एक वर्कशॉप आहे, तिथे ती असते. गाळप सुरू होण्याआधी बॉयलरच्या कामाला माणसं निवडतात. २ सप्टेंबरला परीक्षा आहे. लोखंडी प्लेट डोक्याच्या वर, उंच बांधलेली असते, आणि तिच्याखाली उभं राहून, हात वर धरून सांधा भरायचा. अर्धा तास. हात हलला की सांधा गेला. पास झाली तर बॉयलरवर, नाहीतर वर्षभर पोरांनी केलेले सांधे घासत बसायचं. तेजूचा हात चांगला आहे, असं तिचे गुरुशांत सर सांगतात. पण त्या कोटाची काख तिला खालून ओढते आणि दहाव्या मिनिटाला दंड थरथरायला लागतो. काल चार प्लेटा वाया गेल्या. घरी येऊन जेवलीसुद्धा नाही.

म्हणून विचारलं होतं. रंग पिवळट आहे.

यशोधरा


सात रस्ता, सोलापूर
१९ ऑगस्ट, सकाळी साडेसात

यशू,

माझा भाचा आरिफ ही चिठ्ठी तुझ्या हातात देईल. तो पाणी मागेल, चहा मागेल, आधी हे वाच.

कोटाला तेल लावू नकोस. लावलं असशील तर तेजूला तो घालू देऊ नकोस. आजच्या आज काढून घे.

काल तुझं पत्र आलं. मला इतका आनंद झाला की ते घेऊन मी खाली सिद्रामकडे गेले. सिद्राम म्हणजे आमच्या बिल्डिंगखाली ग्रिल आणि गेट करणारा. मी म्हटलं, "सिद्राम, माझ्या मैत्रिणीची भाची तुझ्या धंद्यातली आहे, डोक्यावरच्या सांध्याची परीक्षा देतेय." तो खूश झाला. मग मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की कोट मऊ करायचा उपाय मी दिलाय, करडईचं तेल, तीन हात.

त्याने हातातला रॉड खाली ठेवला. "कशाला लावलं म्हणताव?"

"कोटाला."

"अवो मावशी, पोरीला भाजून काढता का काय? वरचं काम हाय म्हणताव. सगळी ठिणगी अंगावरच पडती की. कोरडं कातडं ठिणगी झेलतंय. तेल पिलेलं कातडं म्हंजे वात हाय, वात! पेटंल की!"

यशू, अब्बांनी जन्मभर खोगिरं मऊ केली, पण त्यांच्या घोड्यांवर कधी विस्तव पडला नव्हता. हे मला सुचायला नको होतं का?

तुला ऐकू कमी येतं हे विसरून तिथूनच तुला फोन लावला. मी ओरडून म्हणाले, "तेल लावू नकोस." तू म्हणालीस, "हो, हो, लावते." मी आणखी ओरडले, रस्त्यावरची माणसं थांबली, आणि तू म्हणालीस, "अगं हो, दोन हात लावते, काळजी करू नकोस," आणि ठेवून दिलास. पुन्हा लावला तर उचलेचनास. मेसेज टाकला, पण तू तो दिवाळीला वाचशील. तेजूचा नंबर तू मला कधी दिलाच नाहीस.

तुझा रविवार उद्या. पण तू कुठलंही काम एक दिवस आधी उरकणारी बाई आहेस. म्हणून आरिफला रजा काढायला लावून पहिल्या गाडीने पाठवते आहे. उत्तर त्याच्याच हाती दे. 'नाही लावलं' एवढे दोनच शब्द लिहिलेस तरी चालेल. तो परत येईपर्यंत मी इथे खिडकीत उभी आहे.

सबा


अकलूज
१९ ऑगस्ट, दुपारी

सबा,

नाही लावलं.

आता खिडकीतून बाजूला हो आणि काहीतरी खा. आरिफ जेवतोय. चांगला मुलगा आहे. तू सांगितल्याप्रमाणे आधी चिठ्ठी, मग पाणी असं त्याने दारातच बजावलं.

तेलाचा थेंबही लागलेला नाही. फोनवर मला वाटलं, तू 'तेल लावलंस का' असं रागावून विचारते आहेस. लावलेलं नव्हतं, म्हणून 'लावते' म्हणत राहिले. नंतर तू पुन्हा विचारशील म्हणून उचलला नाही.

लावलं का नाही, हे तुला सांगायला हवं. दोनदा वाटीत तेल घेतलं, फडकं घेतलं, आणि दोन्ही वेळा परत आत आले. कोट आला त्या दिवसापासून तेजू कामावरून आली की तो ओसरीतल्या खुंटीवरच असतो. मी तो घरात घेतलेला नाही. माझा हातच त्याच्यापर्यंत जात नाही.

माझ्या आजोबांना गावची मेलेली जनावरं ओढावी लागायची आणि सोलावी लागायची. नको म्हणायची सोय नव्हती. छप्पन्न साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरी जायच्या आधी सुरी नीरा नदीत टाकून आले. पुन्हा सोलणार नाही, एवढीच त्यांची शपथ होती. माझ्या वडिलांनी ती वहाणेपर्यंत आणली. आमच्या घरात कातड्याची चप्पल नाही, पट्टा नाही, पाकीट नाही. मला कॅनव्हासचे बूट चालावेत म्हणून त्यांनी सिस्टरना लेखी अर्ज दिला होता. रेल्वेत नोकरी होती, सबा. बूट घेऊन देता येत होते. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

आणि आता माझ्याच घरातली पोरगी अंगभर कातडं घालून उभी राहते. मी तिला म्हटलं, "आजोबांना काय वाटलं असतं?" तर म्हणते, "आत्या, पणजोबांनी सोडलं ते गावानं गळ्यात मारलेलं काम. ह्यो कोट माझ्या गळ्यात कुणी मारला न्हाय. पोरांना कोट आन् मला नुसता एप्रन देत हुते. मी भांडून घेतलाय." पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, आता पोरगी मला शिकवते.

तर माझा हात अडला म्हणून ती वाचली. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. पण आज तुझी चिठ्ठी वाचून मी आधी ते सगळं तेल स्वयंपाकाच्या डब्यात ओतलं.

आता तेलाशिवाय काही उपाय असेल तर सांग. चौदा दिवस आहेत.

यशू


सात रस्ता, सोलापूर
२२ ऑगस्ट

माझी यशू,

'नाही लावलं' वाचलं आणि मी आरिफच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो म्हणाला, "खाला, बस करो, शर्ट भीग गया." मग दोघांनी मिळून तुझ्या घरचे धपाटे खाल्ले. आरिफ सांगत होता की ते करडईच्या तेलातले आहेत. म्हणजे माझा सल्ला अगदीच वाया गेला नाही.

बाकीचं पत्र मी तीन दिवस जवळ ठेवलं. एक गोष्ट मलाही सांगायची आहे. आठवीत असताना मी माझे जुने बूट वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या दप्तरात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते तसेच माझ्या बाकावर होते. मला वाटलं, तू मानी आहेस, गरिबी दाखवायची नाही तुला. केवढं चांगलं काम केलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते आणि तुझ्यावर रुसले होते. पंचेचाळीस वर्षं मी ती गोष्ट चुकीची लक्षात ठेवली. माफ कर, असं लिहून भागणार नाही, पण लिहिते.

आता कोट. सिद्रामला पुन्हा विचारलं, कारण माझा मला भरवसा उरला नाही. तो म्हणतो, "मऊ करायला दुसरं काय न्हाई मावशी. अंगात घालायचा आन् हात वर-खाली करायचे. माणसाच्या घामानंच वळतंय ते." अब्बाही तेलाच्या आधी हेच करायचे, मी विसरले होते. नवं चामडं चार दिवस नुसतं चुरायचं.

काखेचा भाग आणि कोपर दोन्ही हातांत धरून कणकेसारखं मळायचं. कोटाची घट्ट गुंडाळी करायची, उलगडायची, दुसऱ्या बाजूने करायची. रोज तासभर तो अंगात घालून हात डोक्यावर जातील असं काहीही काम करायचं. पाणी नाही, ऊन नाही, आणि तेलाचा हात लागलेलं फडकंसुद्धा जवळ नाही.

हे तेजूने करावं. ती दिवसभर दमून येते हे मला कळतं, पण तू कर असं मी म्हणणार नाही. तुझा हात अडला तर तो अडू दे. त्याच्यामागे कोण आहे ते आता मला माहीत आहे.

आणि तेजूला म्हणावं, परीक्षेपर्यंत नीट जेव. उपाशी माणसाचा दंड तसाही थरथरतो.

तुझी,
सबा


अकलूज
३ सप्टेंबर

प्रिय सबा,

पास झाली.

आधी तेच लिहिलं, म्हणजे तुला मधली ओळ सोडून शेवटाकडे धावायला नको. तू धड्याचा शेवट आधी वाचायचीस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी तेजू घरी येऊन ओसरीत कोट मळायला बसली. बोटांना फोड, एका मनगटावर पट्टी. दहा मिनिटांत बसल्या जागी डुलकी लागली, मांडीवर तो कोट. मग मी तो तिच्या मांडीवरून उचलला आणि घरात आणला. एवढंच केलं. त्याला लोखंडाचा वास येत होता. मी आयुष्यभर ज्या वासाला घाबरले तो त्याला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अंगात घातला. तेजू आठला निघते, त्याआधीचा तास माझा. मागच्या अंगणात दोरी जरा उंच बांधून घेतली आणि धुणं वाळत घातलं. सगळं घातलं की काढायचं, पुन्हा घालायचं. तेच चार टॉवेल. शेजारची विठाबाई कुंपणावरून बघत होती. "बाई, ह्या वयात फवजेत भरती झालाव काय?" मी म्हटलं, "व्हय, सीमेवर निघालेय." तिला ते खरं वाटलं की काय, संध्याकाळी तिची सून विचारायला आली. पहिले तीन दिवस माझेच खांदे धरले. चौथ्या दिवशी पहिल्यांदा कोपराला घडी पडली. परीक्षेच्या आदल्या दिवशी खुंटीला लावला तर बाह्या खाली लोंबल्या, पुढे ताठ उभ्या राहिल्या नाहीत. मी तेजूला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आत्या, तुमी माझ्या आधी पास."

काल मी वर्कशॉपच्या उघड्या फाटकाबाहेर, आतलं दिसेल अशा बाकावर बसले होते. तीन मुलं आणि ती. सांधा भरून झाला की प्लेट थंड करतात, तिच्या दोन पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून नालासारख्या वाकवतात. सांध्यावर भेग दिसली की नापास. एका मुलाची पट्टी तडकल्याचा आवाज मला, बहिरीला, बाकावर ऐकू आला. तेजूच्या दोन्ही पट्ट्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. गुरुशांत सर भिंग लावून बघत राहिले आणि म्हणाले, "भाळ छलो!" म्हणजे 'फार छान'. ते अक्कलकोटकडचे. मनापासून खूश झाले की कन्नडमध्ये बोलतात, असं तेजू सांगते.

मग तिला विचारलं, हात कुठे अडला का? म्हणाली, "कोट अंगात हाय हेच इसरले."

सबा, मी काल यशपालला पत्र लिहिलं आणि तेजूने त्याचा फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवला. स्टोअर नाही, नोंदी नाहीत, सगळं खरं लिहिलं. आज त्याचा फोन आला. मला नीट ऐकू आलं नाही, तेजू म्हणाली, बाबा रडत होते आणि मध्येच हसत होते. रागावले नाहीत.

वर्कशॉपवाले तेजूला तिच्या मापाचा नवा कोट देणार आहेत. माळशिरसची एक मुलगी ऑक्टोबरमध्ये परीक्षेला बसते आहे. हा जुना तिला द्यायचा की ठेवायचा? मला कधी नव्हे ती त्याची सवय झाली आहे. आणि त्या दोन वाकवलेल्या पट्ट्या सरांनी तेजूला दिल्या. एक ती तुला पाठवायची म्हणते.

विठाबाई मात्र आज सकाळीच तिच्या भाच्याचं, बिभीषणचं स्थळ घेऊन आली. "पोरगी कमावती झाली, आता वाट कशाची बघताव?" म्हणे.

यशू

ता. क. आत्यांनी लिव्हलं न्हाय, पण त्या फाटकाबाहेर तीन तास उन्हात बसल्या हुत्या. लई हट्टी हायत. तुमी जरा बोला त्यांना. तुमची, तेजश्री.


सात रस्ता, सोलापूर
८ सप्टेंबर

प्रिय यशू आणि तेजू,

पहिले दोन शब्द मी दहादा वाचले. नंतर सिद्रामला वाचून दाखवले. त्याने काम थांबवून सगळ्यांना चहा सांगितला. "बाईमाणसानं वरचा सांधा मारला म्हंजे खेळ न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय. समोरचा किराणावाला विचारत होता, कुठली बाई? मी म्हटलं, आमच्या घरची.

यशू, उन्हात बसण्याबद्दल तुला बोलायचं ठरवलं होतं. बोलवत नाही. मी पण बसले असते.

आरिफ रविवारी पिशवी घेऊन येतोय. हे त्याच्यासमोर वाच, कारण कुठलं काय कुणाचं ते त्याच्या लक्षात राहत नाही.

शेंगाचटणीची मोठी बरणी गुरुशांत सरांना. लहान बरणी विठाबाईंना. तिच्यात तिखट जास्त आहे, मुद्दामच. कडक भाकरीची चवड तुम्हा दोघींची. तेजूने खावी आणि तू दुधात बुडवून खावीस, दातांशी भांडू नकोस.

दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट तेजूला, कोटाच्या आत घालायला. शुद्ध सुती आहेत. दुकानदार ठिणगीने वितळणारं नायलॉन मिसळलेलं कापड खपवत होता, मी सिद्रामला बरोबर घेऊन गेले होते.

निळी चादर यशपालला पुण्याला पाठवा. हिरवी तुझी.

जुना कोट माळशिरसच्या मुलीला द्यायचा. ठेवून घेऊ नकोस. तो कसा घालायचा हे तिला पहिला आठवडा तू स्वतः दाखव, दोरी आहेच.

वाकवलेली एक पट्टी यशपालला, चादरीत गुंडाळून. दुसरी माझ्यासाठी आरिफकडे द्या. पण ती माझ्याकडे राहणार नाही, आधीच सांगते. सिद्रामने दुकानाच्या दर्शनी भिंतीवर खिळा मारून ठेवलाय.

आणि विठाबाईच्या भाच्याला काय द्यायचं म्हणशील, तर चहा द्या. तेजूला मात्र गाळपाचा हंगाम संपेपर्यंत कुणालाही द्यायचं नाही. त्यानंतर कुठे द्यायचं की नाही, ते तीच ठरवेल.

तुमची,
सबिहा